चांदीचे पाणी आणि काळी आई
(मंडळाच्या चैत्रातील मासिक सभेत केलेले भाषण)



दर महिन्याच्या सभेत कोणीतरी एकीने माहितीचे चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. आजवर मी लोणच्यांवर बोलले, भरतकामावर बोलले. या खेपेस चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "चांदी." त्यांना वाटले, चांदीची भांडी लख्ख कशी ठेवावीत ते मी सांगणार. भांड्यांचा विषय ओघाने येईलच. पण खरे सांगायचे तर आज मी एक चूक कबूल करायला उभी आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. माझी मुलगी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. शास्त्रातले जे पुढे सांगेन ते तिने मला वाचून दाखवले आणि माझ्या डोक्यात शिरेपर्यंत पुन्हा पुन्हा समजावले. सांगण्यात काही उणे राहिले तर ते माझे समजावे.

गेल्या दिवाळीत आपण फराळाच्या विक्रीबरोबर जंतुनाशकाच्या बाटल्या ठेवल्या होत्या, त्या सगळ्यांना आठवत असतील. 'चांदीचे पाणी' हे नाव त्यांना आपणच पाडले. बाटलीवर 'नॅनो सिल्व्हर' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. फरशी पुसा, मोरीत ओता, कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात घाला, सर्व जंतूंचा नायनाट होईल, असे खाली छापले होते. प्रत्येक बाटलीमागे मंडळाला पंधरा रुपये सुटत होते आणि त्यांतून बालवाडीच्या मुलांना सतरंज्या घ्यायच्या होत्या. मी उत्साहाने घरोघर हिंडले. एकटीने एकोणीस बाटल्या खपवल्या. शेजारच्या आजींना तर मी वर सल्लाही दिला, "आजी, खताच्या डब्यातही एक झाकण घालत जा, वास येणार नाही." बाटलीवर तसे लिहिलेले नव्हते; ती भर माझ्या पदरची.

मी स्वतःही तेच करीत होते. आमच्या परसात एका जुन्या पिंपात भाजीची देठे, केळ्यांच्या साली, चहाचा चोथा टाकून मी खत करते. दर आठवड्याला त्यात झाकणभर चांदीचे पाणी ओतू लागले. वास गेला, चिलटे गेली. मला फार बरे वाटले. संक्रांतीला वांग्यांच्या आळ्यांत घालावे म्हणून पिंप उघडले, तर दिवाळीतल्या केळ्यांच्या साली काळ्या पडून तशाच्या तशा! एरवी एवढ्या दिवसांत त्यांची ओळखही पटत नाही. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचा जन्म शेतकऱ्याच्या घरातला. त्या म्हणाल्या, "अगं, उकिरड्याला कोणी सोवळ्यात बसवतं का? कुजवणारेच मारलेस, तर कुजणार कसं?"

मैत्रिणींनो, सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण संध्याकाळी मुलीने पुस्तक उघडून जे सांगितले ते याहून फारसे वेगळे नव्हते.

'जंतू' म्हटले की आपण रोगच डोळ्यांपुढे आणतो. पण रात्री दुधाला विरजण लावतो ते तरी काय? जंतूच. इडलीचे पीठ फुगते ते त्यांच्यामुळेच. मातीत तर त्यांचे केवढे नांदते घर आहे! चमचाभर सकस मातीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू असतात, शिवाय बुरश्या निराळ्या. पालापाचोळा कुजवून त्याचे अन्न परत झाडाला देणारे हेच. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी दिसतात ना, त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्रवायू धरून पिकाला देतात. पहिल्या पावसात मातीचा जो सुवास येतो आणि आपण कामे टाकून दारात येतो, त्यातही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जिवाणूंचा मोठा वाटा आहे. तो वास देणाऱ्या द्रव्याला शास्त्रज्ञांनी १९६५ साली 'जिओस्मिन' असे नाव दिले. याच जातीच्या एका जिवाणूपासून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरचे औषध सापडले. ज्यांच्या घरात पूर्वी क्षयाने माणूस गेले असेल त्यांना या औषधाचे मोल मी सांगायला नको. ते मातीतून आले.

आता चांदीकडे वळते. चांदी जंतूंना मारक आहे ही गोष्ट नवी नाही. १८८० च्या सुमारास क्रेडे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत चांदीच्या क्षाराचे थेंब घालायला सुरुवात केली आणि असंख्य मुलांचे डोळे वाचले. भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमात आजही चांदी असते. मग नवे काय आहे? नवे आहे ते 'नॅनो' हे प्रकरण. मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ खुजा, बुटका. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. नॅनो म्हणवणारा चांदीचा कण एक ते शंभर नॅनोमीटरांचा. साधारण जिवाणू हजार नॅनोमीटरांचा, म्हणजे हा कण त्या जिवाणूपुढेही चिमुकलाच.

कण बारीक केल्याने एवढे काय बिघडते, असे मीही विचारले. मुलगी म्हणाली, "आई, खडीसाखर आणि पिठीसाखर यांत पाण्यात आधी काय विरघळते?" तेव्हा समजले. आज सराफ दहा ग्रॅमचा तोळा धरतो. तेवढ्या चांदीचा ठोकळा केला तर तो एक सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि उंच असा साधारण भरतो. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. त्याच ठोकळ्याचे दहा-दहा नॅनोमीटरांचे तुकडे केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! चांदी तीच, तोळाभर. पण पाण्याला, हवेला, जंतूंना भिडणारे अंग सहा गुंठ्यांचे. त्या पृष्ठभागावरून चांदीचे विद्युत्भारित अणू सुटत राहतात. त्यांना आयन म्हणतात. आपल्या बाळाच्या उष्टावणाची चांदीची वाटी पिढ्यान् पिढ्या टिकते आणि कोणाला बाधत नाही. तिची आणि या कणांची गोष्ट एक नव्हे.

हे आयन जंतूला मारतात कसे? इथे आपली काळी पडलेली भांडी उपयोगी पडतात. गौरी-गणपतीला आपण चांदीची भांडी काढतो तेव्हा ती काळवंडलेली असतात. हवेतल्या गंधकाच्या वायूने चांदीवर ती काळी पुटे चढतात. उकडलेले अंडे चांदीच्या चमच्याने खाल्ले तरी चमचा काळा होतो, कारण अंड्यात गंधक आहे. चांदीला गंधकाची अशी ओढ. जिवाणूच्या अंगातल्या प्रथिनांतही गंधक असते. चांदीचा आयन त्याला जाऊन चिकटतो आणि त्या प्रथिनाचे काम बंद पडते. शिवाय जिवाणूच्या कातडीलाही तो इजा करतो. आपला जंतू कोणता आणि परका कोणता, रोगाचा कोणता आणि खताचा कोणता, हे ओळखायला त्याला डोळे नाहीत.

बाटली एक बाजूला राहू द्या. चांदीचे असे कण आज कितीतरी वस्तूंत आहेत. घामाचा वास येऊ नये म्हणून मोज्यांत, खेळाच्या कपड्यांत, जखमेच्या पट्ट्यांत. आपल्याकडे २००९ साली भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे सूक्ष्म कण बसवलेले पाणी गाळण्याचे यंत्रही बाजारात आले. मोज्यांचे पुढे काय होते हे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील विद्यापीठात पाहिले गेले. २००८ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांनी बाजारातून सहा प्रकारचे मोजे आणून पाण्यात खळबळले. काहींतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांतच निघून गेली, काहींनी ती धरून ठेवली. अर्ध्या लिटर पाण्यात ६५० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडी अधिक चांदी उतरली. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

धुण्याचे पाणी मोरीतून गटारात जाते, गटारातून शुद्धीकरण केंद्रात. तिथे बहुतेक चांदी खाली बसलेल्या गाळात उतरते. अमेरिकेत आणि युरोपात हा गाळ खत म्हणून शेतांवर पसरण्याची पद्धत आहे. म्हणजे मोज्यातली चांदी फिरून मातीत. गटारात गंधक भरपूर, त्यामुळे वाटेत बहुतेक कणांवर आपल्या भांड्यांवर चढते तसले काळे पूट चढते, आणि अशी काळी झालेली चांदी जंतूंना पुष्कळच कमी मारक असते. निसर्गाने केलेली ही एक सोयच म्हणायची. पण आपल्या आळीत किती घरांची मोरी गटाराला जोडलेली आहे? आमच्या मोरीचे पाणी सरळ अळूच्या वाफ्यात जाते. आजींचे केळीच्या बुंध्याशी जाते. त्या पाण्याला वाटेत कोणी भेटत नाही. मोरीतून निघाले की दहा पावलांवर माती.

पूट न चढलेली, ताजी चांदी मातीत गेली तर काय होते? ड्यूक विद्यापीठ अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी उघड्यावर मोठ्या कुंडांत माती भरून गवत आणि इतर झाडे लावली. काही कुंडांत नुसता गाळ घातला, काहींत गाळाबरोबर चांदीचे सूक्ष्म कण. प्रमाण किती? एक किलो मातीला ०.१४ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा सातवा हिस्सा. दहा ग्रॅमचा तोळा ७१ हजार किलो मातीला पुरेल, सात ट्रक माती! एवढ्याशा चांदीने काय झाले ते त्यांनी २०१३ साली जाहीर केले. पन्नास दिवसांनी त्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचे एकूण वजन नुसत्या गाळाच्या मातीपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी भरले. कुजवण्याच्या कामात लागणाऱ्या दोन पाचक द्रव्यांचे काम एकाचे ५२ टक्क्यांनी, दुसऱ्याचे २७ टक्क्यांनी घटले. एका जातीचे गवत ३२ टक्के कमी वाढले. आठव्या दिवशी मातीतून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू साडेचार पट निघत होता. हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जोरकस आहे. पन्नासाव्या दिवसापर्यंत वायूचे प्रमाण परत पहिल्यासारखे झाले, जिवाणूंच्या जातींचा मेळही पुन्हा जमला, हेही सांगितले पाहिजे. पण जे मेले त्यांची भरपाई तोवर झालेली नव्हती.

आता मोज्यांचा आकडा आठवा. ०.६५ मिलिग्रॅम. कुंडांतल्या प्रमाणाने हिशेब केला तर एवढी चांदी साडेचार किलो मातीला पुरते. म्हणजे आपल्या गॅलरीतली एक मोठी कुंडी.

शेणखत घातले की त्यातला नत्र झाडाला लगेच घेता येत नाही. जिवाणूंच्या दोन टोळ्या एकीमागून एक काम करून त्याचे झाडाला घेता येईल असे नायट्रेट करतात. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात याच जिवाणूंना पाण्यात वाढवून, एका लिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात चांदीचे सूक्ष्म कण दिले, तेव्हा त्यांचे काम ८६ टक्क्यांनी अडले. हा प्रयोग २००८ सालचा. म्हणजे खत घातले तरी ते शिजवून वाढणारी स्वयंपाकीणच आजारी, अशी गत.

ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी घरी करून पाहावे, अशी आम्हा बायकांची रीत. मुलीनेच युक्ती सुचवली. संक्रांतीनंतर मी दोन सारख्या कुंड्या घेतल्या, वाफ्यातली एकच माती दोन्हींत भरली, आणि सासऱ्यांच्या जुन्या सुती धोतराचे दोन सारखे तुकडे त्यांत पुरले. सुती कापड म्हणजे झाडाचाच धागा. माती जिवंत असेल तर ती तो खाते. दर आठवड्याला एका कुंडीला तांब्याभर साधे पाणी, दुसरीला तांब्याभर पाण्यात झाकणभर हे औषध. बाकी ऊन, सावली, पाणी दोघींना सारखे. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तुकडे उकरले. ते मी आज बरोबर आणले आहेत. हा पाहा, साध्या पाण्याच्या कुंडीतला. चाळण झाली आहे, कडा तर उचलतानाच सुटल्या. आणि हा दुसरा. मळला आहे, डाग पडले आहेत, पण दोन्ही हातांनी ओढला तरी फाटत नाही.

मुलीने मला इथेच थांबवले. म्हणाली, "आई, बाटलीत चांदीखेरीज दुसरेही जंतुनाशक आहे, लेबल वाच. सगळा दोष चांदीवर ढकलू नकोस." ते खरे आहे. म्हणूनच मी कुंडांचा प्रयोग आधी सांगितला. त्यात चांदीशिवाय दुसरे काही वेगळे घातले नव्हते. पण माझ्या चुकीच्या दृष्टीने एवढे पुरे आहे. मी खताच्या पिंपात जे ओतत होते ते मातीला मारक होते, आणि तेच ओतायला मी तुम्हाला सांगितले. शिवाय दुसरी जंतुनाशके कित्येकदा कालांतराने स्वतःच विरतात, कुजतात. चांदी धातू आहे. तिचे रूप बदलते, ती नाहीशी होत नाही. आज ओतलेली उद्याच्या चांदीत मिळते.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००७ साली असे जाहीर केले की, चांदीचे आयन पाण्यात सोडून जंतू मारणारे धुलाईयंत्र कीटकनाशकांच्या कायद्याखाली नोंदवले पाहिजे. ढेकणाच्या औषधाची बाटली आपण मुलांपासून दूर, वरच्या फळीवर ठेवतो. या बाटलीला मात्र आपण फराळाच्या टेबलावर, चकलीच्या शेजारी मांडले होते.

कोणी घाबरून जाऊ नये. डॉक्टरांनी भाजलेल्या जखमेवर चांदीचे मलम दिले तर ते जरूर लावावे. तिथे जंतू मारणे हाच जीव वाचवणे आहे. चांदीच्या वाटीत बाळाला खुशाल भरवावे. माझे म्हणणे एवढेच, की पायाच्या वासासाठी, मोरीच्या वासासाठी, कचऱ्याच्या वासासाठी एवढे जालीम औषध कशाला? मोज्याला साबण आणि कडक ऊन पुरते. मोरीला कढत पाणी आणि घासणी पुरते. खताला वास आला तर त्यात ओल जास्त झाली आहे असे समजावे. वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा घालून हलवावे, दोन दिवसांत वास जातो. मी पिंप रिकामे करून असेच नव्याने सुरू केले आहे. शेजारच्या पिंपातले दोन घमेली जुने खत विरजण म्हणून घातले, आणि आता ते आतून पुन्हा गरम लागू लागले आहे.

आता मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, यापुढे विक्रीच्या टेबलावर ही बाटली नसावी. सतरंज्यांच्या पैशांत जी तूट येईल तिच्यासाठी मी येत्या उन्हाळ्यात पापड-कुरडयांचे काम अंगावर घेते. कोणी हाताखाली आले तर आनंदच आहे. दुसरी, नव्या वस्तू घेताना लेबल वाचण्याची सवय आपण सगळ्यांनी लावून घ्यावी. 'नॅनो', 'सिल्व्हर', 'अँटीबॅक्टेरियल' असे शब्द दिसले की, हे मला खरोखर हवे का, असे एकदा स्वतःला विचारावे.

तिसरी विनंती जरा अडचणीची आहे. कपाटात अजून अकरा बाटल्या शिल्लक आहेत. काल आवराआवर करताना कोणीतरी म्हणाले, "द्या मोरीत ओतून, सुंठीवाचून खोकला गेला." तेच तेवढे करू नये! मी ठोक व्यापाऱ्याला विचारले. फोडलेली बाटली ते परत घेणार नाहीत, पण न फोडलेल्या घेतील. पैसे कमी देतील, तो तोटा सोसावा. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून घेतल्या आणि अजून उघडल्या नाहीत, त्यांनी त्या मला आणून द्याव्यात. पैसे मी देईन.

शेजारच्या आजींकडे मी परवाच जाऊन आले. म्हटले, "आजी, माझ्या सांगण्याने तुमचे खत बिघडले असेल, क्षमा करा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी कुठली घालते खतात! महाग आहे म्हणून जपून ठेवलीय, पाहुणे आले की फरशीला थोडीशी." त्यांच्या काटकसरीने त्यांची केळ वाचली, आणि माझ्या मनावरचे ओझे थोडे उतरले.

 धोतराचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवते. जाताना हात लावून जरूर पाहावेत. हात धुवायला साधा साबण मोरीपाशी ठेवला आहे.